इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधून हस्तचलित फोकस

मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधील छोट्या पडद्यावर प्रतिमा पारखत, लेन्सचे कडे हाताने फिरवून फोकस साधण्याची पद्धत. पॅनासॉनिक ल्युमिक्स जी१ (२००८) हा असा व्ह्यूफाइंडर असलेला पहिला मिररलेस कॅमेरा. या पद्धतीची अचूकता एका गोष्टीवर उभी आहे : पाहायची आणि टिपायची प्रतिमा एकाच सेन्सरवर तयार होते. एसएलआरमध्ये प्रकाश आरशावरून वेगळ्या फोकसिंग स्क्रीनवर जातो; दोहोंपैकी एक किंचित सरकले तरी डोळ्याला रेखीव दिसलेले छायाचित्रात पुसट उतरते. शिवाय ऑटोफोकसच्या काळातील उजळ स्क्रीन एफ/१.४ ची खरी, उथळ क्षेत्रखोली दाखवतच नाहीत.

कडांना रंग देणारे ‘पीकिंग’ सोपे वाटते. पण ते कॉन्ट्रास्ट मोजते, म्हणून रंगीत पट्टा अनेकदा खऱ्या रेखीव भागापेक्षा रुंद पडतो. अखेरचा निर्णय प्रतिमा मोठी करूनच घ्यावा. अंधारात पडदा कणीदार होतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तिथे प्रकाशीय व्ह्यूफाइंडरही काळवंडतो आणि पडदा निदान उजळवता येतो. हलत्या चेहऱ्यासाठी डोळा ओळखणारे ऑटोफोकस निःसंशय सरस. पण निकॉन एफ माउंटची (माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी.) जुनी हस्तचलित लेन्स अडॅप्टरने सोनी ई माउंटवर (१८ मिमी.) बसवली, की हातच कामी येतो. तेव्हा वापरायच्या छिद्रावरच फोकस करावा, कारण काही लेन्समध्ये छिद्र लहान करताच फोकसचे प्रतल सरकते.