पिंपरीचे बुरशीनाशक

पुण्यानजीकच्या पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन जिवाणूंचा नाश करते. गजकर्णाची बुरशी मात्र त्याला दाद देत नाही. तेथील संशोधक डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ मिळविले. सूक्ष्मजीवाला नाव लाभले पिंपरीचे, औषधाला कारखान्याचे.

बुरशीच्या पेशीभोवतालच्या पापुद्र्यात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. हॅमायसिन त्याला चिकटते आणि पापुद्रा सच्छिद्र होऊन बुरशी मरते. सामान्यतः जिवाणूंत हे द्रव्य नसतेच. म्हणून पुवाच्या फोडावर असे औषध व्यर्थ होय. एकाचे औषध दुसऱ्याच्या कामी येत नाही.

हा विवेक पुढे सुटला. जिवाणूनाशक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड एकत्र कालवलेली मलमे सर्रास विकली जाऊ लागली. स्टेरॉइडने खाज शमते, लाली ओसरते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरतच राहते. अखेर २०१८ साली शासनाने अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले.

औषध अपुरे घेतल्यास जंतू त्याला सरावतात, हा इशारा पेनिसिलीनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. तेव्हा आधी निदान, मग मलम. आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत. खाज थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे.