कौलांपासून गच्चीपर्यंत

कोकणात आमच्या वाडवडिलांना गळक्या घराचे नवल नव्हते. रेवदंडा, पेण, पनवेल या बाजूला घरावर नळीची कौले असत, पुढे मंगलोरी आली. वाऱ्याने आणि वानरांनी ती सरकायची. म्हणून मृगाच्या आधी घर शाकारून घ्यायचे. तेही शुक्रवारी दुपारपर्यंत उरकायचे, कारण शब्बाथला छपरावर चढणे नाही. एवढे करूनही गळलेच तर खाली पातेले ठेवायचे. छप्पर उतरते असल्यामुळे पाणी वर साचत मात्र नसे.

आपल्यातले जे पहिल्या काही वर्षांत इस्राएलात आले, त्यांना तेवढेही सुख नव्हते. मे १९५० पासून मआबारा उभे राहिले आणि १९५१ च्या अखेरीस त्यांत दोन लाखांहून अधिक माणसे राहत होती. आधी कापडी तंबू, मग पत्र्याचे पाखोन. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात डोक्यावर ताशा आणि पायाखाली चिखल. वडीलधारी मंडळी हे सांगताना हसत, पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

आम्ही १९६९ साली मुले म्हणून दीमोनात आलो. हे गाव १९५५ साली वसलेले, भोवती नेगेवचे वाळवंट, पाऊस अगदी नाममात्र. सपाट सिमेंटची गच्ची पाहून आईवडिलांना वाटले, कौलांची कटकट सुटली. तसे झाले नाही. दिवसा ऊन, रात्री गारठा. स्लॅब फुगतो, आकसतो आणि त्याला बारीक चिरा जातात. वाळू व कबुतरांची पिसे पन्हळीचे तोंड बुजवतात. त्यात सूर्यबंबाचे पाय ठोकताना खालचा डांबराचा थर फाटतो. थोडासा पाऊसही मग तिथेच साचून मुरतो.

१९९१-९२ चा हिवाळा देशभर फार पावसाचा गेला. आम्ही वरच्या मजल्यावर. छताला आधी पिवळा डाग, मग काळी बुरशी, आणि धाकट्याची छाती रात्रभर घरघरू लागली. नर्सिंगची पदविका घेऊन आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना वाफ देत होतो, आणि आमच्याच पोराच्या उशाशी बादली! शेजारी म्हणाले, ‘आमचे तर गळत नाही.’ १९६९ च्या जमीन कायद्याप्रमाणे गच्ची सहसा सर्व बिऱ्हाडांची सामाईक असते, खर्चही सगळ्यांचाच. पण कायदा दार ठोठावत नाही. ते आम्हीच ठोठावले, चार जिने, हातात वही घेऊन.

पैसे जमताच घाईने ओल्या गच्चीवरच डांबरी पट्टे चिकटवले. उन्हाळा येताच खालच्या ओलीने त्यांना फोड आले आणि सगळे पैसे पाण्यात गेले. दुसऱ्यांदा शहाणपण सुचले: कडक उन्हात गच्ची पूर्ण सुकू दिली, पन्हळी मोकळ्या केल्या, चिरा भरल्या, पट्टे ज्योतीने वितळवून कडा भिंतीवर वितभर चढवल्या, वर पांढरा रंग दिला. त्यानंतर बादली उचलली.

आपल्या सिनेगॉगच्या गच्चीचे काम निघाले तेव्हा हाच अनुभव कामी आला. सेफेर तोरावर थेंब पडू द्यायचा नव्हता. तेव्हापासून एलुल लागला की झाडू घेऊन आम्ही दोन्ही गच्च्यांवर जातो. तळमजल्यावरचे शेजारी वर्गणी देताना अजून कुरकुरतात.