कॅरीसाहेबांचे बिऱ्हाड

आठवीच्या वर्गात व्याकरण शिकवायचे असते, व्याकरणाचा इतिहास नव्हे. पण विषयांतर हा माझा जुना आजार आहे. गेल्या श्रावणात एके दुपारी बाहेर धो धो पाऊस, वर्गात अंधार, फळ्यावरचे अक्षर मुलांना दिसेना. तेव्हा खडू खाली ठेवून मी सांगू लागलो, की आपल्या मराठीचे इंग्रजीतून लिहिलेले पहिले छापील व्याकरण १८०५ साली निघाले ते पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, तर थेट बंगालमध्ये, श्रीरामपूर गावी. (बेलापूरजवळचे आपले साखरेचे श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याच्या वरच्या अंगाला हुगळी नदीकाठी आहे ते.) आणि ते लिहिणारा गृहस्थ म्हणजे मूळचा जोडे शिवणारा, मग शाळामास्तर आणि शेवटी पाद्री झालेला इंग्रज, विल्यम कॅरी. मुलांना जोड्यांची मौज वाटली. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, तो एकटाच आला होता का? त्याच्या घरचे कुठे होते?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर येत नव्हते. व्याकरण १८०५ चे, मोडी अक्षरांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश १८१० चा, हे मला तोंडपाठ. पण हा माणूस घरी जाऊन काय जेवत होता, त्याची पोरे कुणाजवळ निजत होती, हे मी कधी विचारलेच नव्हते. ते मनाला लागून राहिले. सुटीत जमेल तेवढे वाचले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. दिवाळीच्या अंकात इतकी उदास हकिकत कशाला, असे कुणी म्हणेल. पण दिवाळी हा घराचा सण आहे, आणि ही एका घराचीच हकिकत आहे.

१७८१ च्या जून महिन्यात इंग्लंडातल्या पिडिंग्टन नावाच्या खेड्यात विल्यमचे लग्न झाले. नवरा १९ वर्षांचा, नवरी डॉरोथी प्लॅकेट २५ वर्षांची. चर्चच्या नोंदवहीत नवऱ्याने सही केली. नवरीला लिहिता येत नव्हते, तिने फुली मारली. माझी आजी आयुष्यभर अंगठा उठवीत असे, त्यामुळे ती फुली मला परकी वाटली नाही. पुढची बारा वर्षे ओढगस्तीची. जोड्यांवर पोट भरेना. मोल्टन गावी शाळा काढली तर तीही नीट चालेना, कारण कॅरीला मुलांना धाक लावणे जमत नसे. (याबाबतीत मला त्याच्याविषयी बंधुभाव वाटतो.) दोन मुली लहानपणीच गेल्या. तीन मुलगे राहिले: फेलिक्स, विल्यम आणि पीटर. नवरा जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकत होता, कॅप्टन कुकच्या सफरी वाचत होता. त्याने भिंतीवर जगाचा मोठा नकाशा डकवला होता आणि देशोदेशींची माहिती तो त्यावर टिपून ठेवी. बायकोच्या जगाची हद्द मात्र माहेर आणि सासर एवढीच, चार-दोन कोसांची.

१७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंग गावी बाप्टिस्ट पाद्र्यांनी परदेशी धर्मप्रचारासाठी मंडळी स्थापन केली. पहिली वर्गणी जमली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर कुणाला तरी समुद्रापार धाडायचे होते, आणि जाण्यासाठी कॅरी स्वतःच उभा राहिला. डॉरोथी नाही म्हणाली. ती तेव्हा गरोदर होती, पदरात तीन मुले होती, आणि समुद्र तिने उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. पुष्कळ चरित्रकारांनी या नकारासाठी तिला बोल लावला आहे. मला तर त्या सगळ्या मंडळींत तीच एक व्यवहारी वाटते. कॅरीने मग थोरल्या फेलिक्सला तेवढे बरोबर घेतले आणि डॉक्टर जॉन थॉमसबरोबर तो जहाजावर चढला.

इथे नशिबाने फासा उलटा टाकला. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना जवळ नव्हता, म्हणून जहाज सुटण्याआधीच या सर्वांना सामानासकट उतरवून देण्यात आले. तेवढ्यात एका डॅनिश जहाजावर जागा असल्याचे कळले. थॉमस आणि कॅरी पुन्हा डॉरोथीच्या दारात उभे. तिने पुन्हा नाही म्हटले. दोघे निघाले, वाटेतून थॉमस एकटा परत फिरला आणि तिला म्हणाला, की आता आली नाहीस तर कुटुंबाची कायमची फाटाफूट होईल आणि जन्मभर पस्तावशील. तेव्हा ती कबूल झाली. अट एकच, धाकटी बहीण किटी सोबत हवी. एका दिवसात घर मोडले, भांडीकुंडी विकली. १३ जून १७९३ रोजी जहाजाने डोव्हर सोडले तेव्हा मांडीवरचा जेबेझ जेमतेम सव्वा महिन्याचा होता. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उंबरठा ओलांडू देत नाहीत. ही बाई पाच महिन्यांच्या समुद्रावर निघाली होती, आणि वाटेत कुठल्याही बंदराला पाय लागला नाही.

११ नोव्हेंबरला कलकत्ता. बरोबर आणलेले पैसे डॉ. थॉमसच्या हाती होते आणि तो हाताचा भारी सैल. बघता बघता ते संपले. थॉमस शहरात झोकात राहू लागला, तर कॅरीचे बिऱ्हाड शहराबाहेर माणिकतला येथे एका सावकाराच्या ओलसर बागघरात, तेही उपकारादाखल. डॉरोथी आणि फेलिक्स दोघांना रक्ताची हगवण लागली. खायला भात आणि कालवण, पाव नाही. कॅरीच्या रोजनिशीत तक्रार आहे, की बायको आणि मेहुणी पावासाठी कुरकुर करतात. ती वाचताना मला आमच्या गावचे एक कुटुंब आठवले. नोकरीपायी ते लांब परप्रांतात गेले आणि बाई रोज भाकरीच्या पिठासाठी रडत असे. नवरा म्हणे, इथे भात मिळतो आहे ना? दुखणे पिठाचे नसते, हे पुरुषांच्या लवकर ध्यानात येत नाही.

मग सुंदरबनात वाघांच्या मुलखात जंगल तोडून झोपडी बांधण्याचा खटाटोप झाला. तिथे देभट्टा येथे मिठाच्या खात्यावर चार्ल्स शॉर्ट नावाचा कंपनीचा अधिकारी होता. होडीतली शिधासामग्री संपत आली असताना त्याने या अनोळखी बिऱ्हाडाला घरात घेतले. पुढे त्याचे आणि किटीचे सूत जमले. १७९४ च्या उन्हाळ्यात कॅरीला माल्द्याकडे मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर दरमहा २०० रुपयांची नोकरी मिळाली, तेव्हा किटी मागे राहिली. जिच्या भरवशावर डॉरोथीने घर सोडले होते तीच आता सोबत नव्हती. नदीतून तीन आठवड्यांचा प्रवास करून कॅरी मंडळी मदनावतीला पोचली.

त्याच ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. दुःखाला आणखी एक विटाळ चिकटला: परधर्मी मुलाचे प्रेत, कबर खणायला कुणी येईना, उचलायला कुणी येईना. अखेर चार मुसलमानांनी खड्डा खणला आणि गावाने त्यांनाच वाळीत टाकले. कॅरी स्वतः तापाने अंथरुणावर होता. आईबापांनी आपल्या लेकराला पुरण्यासाठी दारोदार माणसे शोधावीत, यापलीकडे परकेपणा तो काय असणार?

१७९५ पासून डॉरोथीचे मन ढळले. नवऱ्याचे इतर बायकांशी संबंध आहेत, हा संशय तिच्या डोक्यात बसला. तो रस्त्याने निघाला की ती मागे जाई, चारचौघांत शिव्या घाली, कधी अंगावर धावून येई. त्याच अवस्थेत १७९६ च्या जानेवारीत तिने जोनाथनला जन्म दिला. वेडाच्या झटक्यांत तिला खोलीत कोंडून ठेवावे लागे. मधूनच ती शांतही होत असे.

कंपनीच्या मुलखात पाद्र्यांना मज्जाव होता, म्हणून १८०० च्या जानेवारीत सर्वजण डेन्मार्कच्या अमलाखालच्या श्रीरामपूरला गेले. इंग्लंडहून नवी मंडळी आली होती: छपाईचा जाणकार विल्यम वॉर्ड, शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि त्याची बायको हॅना. नदीकाठी मोठा वाडा घेतला आणि आपल्याकडच्या एकत्र कुटुंबालाही मागे सारील असा संसार मांडला. स्वयंपाक एक, पंगत एक, मिळकत एका पेटीत. घराचा कारभार महिन्यामहिन्याने आळीपाळीने एकेकाकडे. दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी बसून आठवड्याची भांडणे मिटवायची! पुढे कॅरीला फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा ५०० रुपये मिळू लागले, तेही त्या पेटीत. त्याने कुटुंबासाठी घ्यायचे ४०, आणि कॉलेजात बरे कपडे घालून जावे लागते म्हणून वर २०.

या संसाराचा मुख्य खांब होती हॅना मार्शमन. तिने मुलामुलींची निवासी शाळा काढली आणि तिच्या फीवर मिशनचा बराच गाडा चालू लागला. स्वतःची बारा बाळंतपणे, त्यांतली सहाच मुले जगली. कॅरीची मुले तिने पाहिली तेव्हा ती मोकाट सुटलेली होती. आई आजारी, बाप पुस्तकात, आणि स्वभाव असा की रागावणे म्हणून ठाऊक नाही. तिने त्यांना न्हाऊमाखू घातले, शिकवले. आडदांड फेलिक्सला वॉर्डने छापखान्यात घालून माणसात आणले. मिशनच्या इतिहासात कॅरीचे नाव मोठ्या अक्षरात येते ते योग्यच. पण हॅना नसती तर ती पोरे कुठे वाहवली असती, देव जाणे.

२८ डिसेंबर १८०० ची सकाळ मला राहून राहून दिसते. सात वर्षांच्या खटपटीनंतर पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, बाप्तिस्मा घेणार होता. हुगळीच्या घाटावर डॅनिश गव्हर्नरसकट गर्दी जमली. कॅरी एका बाजूला फेलिक्स आणि दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल यांना घेऊन नदीकडे चालला. इकडे डॉ. थॉमसला हर्षातिरेकाने वेड लागले होते, त्याला एका जागी बांधून ठेवलेले. दुसरीकडे कोंडलेल्या डॉरोथीचा आक्रोश. गाणारे भक्तिगीत गातच होते.

अशा घरात आपले व्याकरण तयार झाले. मंगळवारी संध्याकाळी होडीने कलकत्त्याला जायचे, शुक्रवारी परतायचे. कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी शिकवायचे. १८०६ च्या एका पत्रात कॅरीने आपला एक दिवस सांगितला आहे: पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू, मग नोकरांसह बंगालीत प्रार्थना, मुनशीबरोबर फार्सी, पंडिताबरोबर रामायणाचे भाषांतर, दहा ते दोन कॉलेज, मग मुद्रिते, संस्कृत, सायंकाळी तेलुगू पंडित. मराठीसाठी त्याचा साहाय्यक नागपूरकडचा पंडित वैजनाथ शर्मा. सिंहासन बत्तिशीचे पुस्तक पुढे त्यानेच मराठीत उतरवले. घर सोडून कलकत्त्यास राहिलेला हा वऱ्हाडी वळणाचा ब्राह्मण आणि तो जोडे शिवणारा इंग्रज समोरासमोर बसून आपल्या क्रियापदांची रूपे तपासत आहेत, हे चित्र मोठे गोड आहे. पण श्रीरामपूरला असे काम चाले तेव्हा भिंतीपलीकडच्या खोलीत बहुधा डॉरोथीचा आरडाओरडा चालू असे. हे सांगणारा जॉन क्लार्क मार्शमन, हॅनाचाच मुलगा, त्याच वाड्यात वाढला होता.

कॅरीला निष्ठुर म्हणायला माझी जीभ वळत नाही. बारा वर्षे त्याने वेडसर बायकोला घरात सांभाळले. पण खरे सांगायचे तर मला त्याची भीती वाटते, कारण मी त्याला ओळखतो. माझी दुसरी कादंबरी शेवटच्या प्रकरणावर आली होती तेव्हा धाकट्याला विषमज्वर झाला होता. आतल्या खोलीत बायको रात्र रात्र पाण्याच्या पट्ट्या बदलत होती आणि मी दार लोटून लिहीत होतो. "जरा हळू," असे मी एकदा दोनदा आतून ऐकू जाईल असे म्हणालो. कादंबरी छापून आली. बायकोने ती अजून वाचलेली नाही, आणि मी तिला का ते विचारलेले नाही.

८ डिसेंबर १८०७ रोजी डॉरोथी श्रीरामपूरला वारली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात कॅरीने शार्लोट रूमोर या सुशिक्षित स्त्रीशी लग्न केले. तो संसार सुखाचा झाला. मुलांची गोष्ट निराळी. फेलिक्स ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला. १८१४ साली इरावतीत होडी उलटून त्याची बायको आणि मुले बुडाली; मग तो बरीच वर्षे भरकटला, शेवटी श्रीरामपूरला येऊन शरीरशास्त्रावर बंगालीत जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १८२२ मध्ये बापाआधी गेला. कॅरीने नदीकाठी मोठी बाग केली होती. इंग्लंडहून आलेल्या बियांची रिकामी पिशवी त्याने एकदा मातीवर झटकली, तर त्या धुळीतून विलायती डेझीचे रोप उगवले. आपल्या गावचे फूल बघून म्हाताऱ्याला इतका आनंद झाला, की त्याने पत्र लिहून तो कळवला. डॉरोथीला जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

शाळा उघडल्यावर त्या मुलीला मी हे सांगितले, थोडे गाळून. तिच्या वहीत श्रावणातल्या तारखेखाली 'विल्यम कॅरी' एवढेच टिपलेले होते. त्याखाली ती लिहू लागली आणि मध्येच थांबली.

"सर, डॉरोथी पहिली वेलांटी का दुसरी?"

"दुसरी," मी म्हणालो.