केशेत, हेत्स आणि अश्पा : आपल्या पूर्वजांचे धनुष्यबाण

लाग बाओमेर जवळ आला की आमच्या वस्तीतली मुले फळ्या आणि मोडक्या खुर्च्या गोळा करीत हिंडू लागतात. संध्याकाळी शेकोट्या पेटतात आणि लहान मुलांच्या हाती धनुष्यबाण येतात. यंदा आमच्या धाकट्या नातवाने झाडाची फांदी वाकवून धनुष्य केले. बाण सोडला, तो चार हात गेला आणि मध्येच आडवा होऊन पडला. तो हिरमुसला व हिब्रूत म्हणाला, "सबा, हा सरळ का जात नाही?" आम्ही मराठीत उत्तर दिले, "अरे, त्याच्या शेपटाला पीस नाही." त्याला 'पीस' हा शब्द कळेना. 'नोत्सा' म्हटल्यावर कळला. त्या दिवशी ठरवले की आपल्या पूर्वजांच्या धनुष्यबाणाविषयी जे थोडेफार वाचले आहे ते वाचकांपुढे ठेवावे.

लाग बाओमेर आणि धनुष्य यांचा संबंध काय, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. हिब्रूत धनुष्यालाही 'केशेत' म्हणतात आणि नोहाच्या काळी आकाशात दिसलेल्या इंद्रधनुष्यालाही 'केशेत'च म्हणतात. परंपरा अशी की रब्बी शिमोन बार योखाई हयात होते तोवर इंद्रधनुष्य दिसले नाही. त्यांच्या पुण्याईने जगाला त्या खुणेची गरजच पडली नाही. म्हणून त्यांच्या स्मरणदिनी मुले धनुष्य घेतात. दुसरे सांगणे असे की रोमन अंमलात तोरा शिकण्यास बंदी होती, तेव्हा विद्यार्थी हाती धनुष्य घेऊन शिकारीच्या मिषाने रानात जात आणि तेथे अभ्यास करीत.

तनाखमध्ये धनुष्यबाण जागोजाग भेटतो. इश्माएल रानात वाढला आणि धनुर्धारी झाला. वृद्ध इसहाकाने एसावला शिकारीस पाठविताना धनुष्य व भाता घेऊन जाण्यास सांगितले. बिन्यामिनी वंशातील धनुर्धारी दोन्ही हातांनी बाण सोडीत. अहाब राजा वेष पालटून लढाईत उतरला, परंतु कोणा सैनिकाने सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात शिरला. सर्वांत हृद्य कथा योनाथानाची आहे. शौल राजाचा रोष कितपत आहे हे लपलेल्या दाविदाला कळविण्यासाठी योनाथानाने तीन बाणांची खूण ठरविली होती. बाण आणणाऱ्या पोराला "अलीकडे" म्हटले तर भय नाही, "पलीकडे" म्हटले तर निघून जा. पोराला काहीच उमगले नाही, दोघा मित्रांना मात्र सर्व उमगले. रोश होदेश रविवारी येतो तेव्हा आदल्या शब्बाथला हीच हफ्तारा वाचली जाते.

आता धनुष्य कसे असे ते पाहू. जुने धनुष्य दोन जातींचे. एक साधे, एकाच लाकडाचे. दुसरे जोडधनुष्य, ज्यात लाकडाच्या पोटाला शिंगाची पट्टी आणि पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवीत. जोडधनुष्य आखूड असूनही जोरकस असे व रथातून चालविण्यास सोयीचे पडे, पण ते करण्यास फार वेळ लागे आणि दमट हवेत त्याचा सरस सैल पडे. साधे धनुष्य गरिबाचे. यरीहोजवळच्या एका गुहेत १९९३ साली सुमारे पावणेसहा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. तागाच्या लांबलचक कफनात गुंडाळलेल्या त्या माणसाशेजारी त्याच्या वहाणा होत्या आणि दोन तुकडे केलेले धनुष्य होते. धनी गेला, त्याच्याबरोबर धनुष्यही मोडून ठेवले.

धनुष्याला दोरी चढविणे हे जोराचे काम. एक टोक पायाने दाबून काठी वाकवावी लागे. म्हणून तनाखमध्ये धनुष्य 'तुडविणे' असा शब्दप्रयोग येतो. त्याच धातूपासून आलेला 'लिदरोख' हा शब्द आपली सैन्यात गेलेली मुले आज बंदुकीचा घोडा चढविण्यासाठी वापरतात. काम झाले की दोरी उतरवून ठेवावी लागते. सदा ताणलेली काठी वाकडीच राहते व तिचा जोर जातो. धनुष्यालादेखील शब्बाथ हवा, असे आम्ही वर्गात सांगत असू.

धनुष्यापेक्षा अवघड काम बाणाचे. बाण म्हणजे टोकदार काठी असे मुलांना वाटते. परंतु बाण धनुष्याच्या एका बाजूला टेकलेला असतो आणि दोरी मध्यावर येते. म्हणजे धनुष्याची काठी बाणाच्या वाटेतच उभी असते. दोरी सुटताच बाण सापासारखा वळतो, काठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. म्हणून बाणाची लवचीकता धनुष्याच्या जोराशी जुळावी लागते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवणारा उजवीकडे. चांगला धनुर्धारी एकाच वजनाचे, एकाच लवणीचे बाण निवडून वेगळे ठेवतो. आपल्या भागात व मिसर देशात बाण बोरूचे करीत. बोरू हलका आणि सरळ, पण टोकाशी फुटतो, म्हणून पुढच्या भागात कठीण लाकडाचा तुकडा बसवून त्यावर टोक लावीत.

पिसांचे काम बाणाचे शेपूट मागे धरून ठेवण्याचे. पिसांना वारा अडतो, त्यामुळे मागचा भाग मागेच राहतो आणि टोक पुढे चालते. बहुधा तीन पिसे लावतात. तिन्ही पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात, कारण डाव्या व उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलटा असतो. एकाच बाकाची असली तर बाण स्वतःभोवती फिरत नीट जातो, मिसळली तर डगमगतो. एक पीस धनुष्याच्या विरुद्ध दिशेला ठेवतात, म्हणजे उरलेली दोन काठीला न घासता निसटतात. लांब पिसे बाणाला लवकर स्थिर करतात पण वेग खातात. दूर मारायचे तर आखूड बरी. कोकणात वाढलेल्या आम्हां मंडळींनी कातकऱ्यांचे बाण पाहिलेले आहेत. त्यांनी हे शास्त्र पुस्तकातून शिकलेले नव्हते.

भात्याला हिब्रूत 'अश्पा'. तो कोणी पाठीवर बांधी, कोणी कमरेला; रथाला तो बाजूस अडकविलेला असे. इंग्रजांचे उंच धनुष्य प्रसिद्ध आहे, पण त्यांचे सैनिक पुष्कळदा बाण पट्ट्यात खोचून किंवा कापडी पिशवीत नेत. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' जहाज १९८२ साली वर काढण्यात आले. त्यातून यू नावाच्या झाडाची १७२ धनुष्ये व हजारो बाण मिळाले. चोवीस भोके पाडलेल्या चामड्याच्या चकत्याही मिळाल्या; एकेका भोकात एकेक बाण, म्हणजे पिसे एकमेकांवर दबत नाहीत. दाविदाच्या स्तोत्रसंग्रहात तरुणपणीच्या पुत्रांना वीराच्या हातातील बाणांची उपमा आहे आणि ज्याचा भाता भरलेला तो धन्य मानला आहे. बाण सांभाळण्याची ही यातायात कळली की त्या उपमेचा अर्थ अधिक खोल जातो.

हे सर्व युद्धाचे साहित्य होते हे विसरून चालणार नाही. किरयात गातपासून जवळच तेल लाखीश आहे. हिज्कीया राजाच्या कारकिर्दीत, इ.स.पू. ७०१ साली, अश्शूरचा राजा सन्हेरीब याने ते नगर घेतले. निनवे येथील त्याच्या राजवाड्यातली त्या वेढ्याची कोरीव चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. उंच ढालींच्या आडून अश्शुरी धनुर्धारी बाण सोडीत आहेत, बुरुजांवरून आपले लोक बाण व दगड मारीत आहेत, आणि खाली बायकामुले बैलगाड्यांतून बंदिवासात निघाली आहेत. सिंहासनावर बसलेल्या राजाच्या एका हाती धनुष्य व दुसऱ्या हाती बाण आहेत. लाखीशच्या उत्खननात, शत्रूने दगडमातीचा उतार रचला त्या कोपऱ्यात, शेकडो बाणांची टोके मिळाली. बहुतेक लोखंडाची, थोडी हाडाची. काहींची अणकुची भिंतीवर आदळून वाकलेली आहे. काठी कुजते, पीस उडून जाते, दोरी जिरते. उरते ते टोक.

धनुर्विद्येचे दुसरे वैशिष्ट्य असे की ती लहानपणीच शिकावी लागते. १३६३ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाने सुट्टीच्या दिवशी पुरुषांनी धनुष्याचा सराव करावा असा हुकूम काढला होता. बंदूक थोड्या आठवड्यांत चालविता येते, उंच धनुष्याला वर्षे लागतात. जुनी धनुष्ये पेटीत पडून होती, परंतु ती ओढणारे खांदे उरले नाहीत, म्हणून ती विद्या मागे पडली.

आपल्याकडे शौल आणि योनाथान गिल्बोआच्या डोंगरावर पडले. मूळ हिब्रूत शौलावर बाण टाकणाऱ्यांना 'मोरीम' म्हटले आहे. आज 'मोरीम' म्हणजे शिक्षक. बाण नेमका सोडणे आणि शिकविणे यांचा धातू एकच, आणि 'तोरा' हा शब्दही त्याच धातूचा. विलाप करताना दाविदाने यहूदाच्या मुलांना 'केशेत' शिकवा अशी आज्ञा केली. कोणी म्हणतात 'केशेत' हे त्या विलापगीताचे नाव; राशी म्हणतात, वीर पडले आहेत, तेव्हा मुलांना धनुष्य शिकविणे प्राप्त आहे. चाळीस वर्षे खडू हाती धरल्यामुळे आम्हांला राशींचे म्हणणे पटते. मोठी माणसे एकेक करून जातात, त्या दिवशी रडणे ठीक, पण दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवायला बसले पाहिजे.

आपली मराठी आज तशाच पेटीत पडली आहे. हे मासिक आपण वाचतो. आपली नातवंडे त्यातली हिब्रू पाने तेवढी उलगडतात. दोष त्यांचा नाही. आपण त्यांच्याशी घरात कोणत्या भाषेत बोललो, ते आपले आपल्याला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी अंगणात कबुतराची पिसे पडली होती. एकाच बाजूच्या पंखाची तीन शोधण्यास वेळ लागला. दोरा गुंडाळून ती बाणाला बांधली. बाण कुंपणापर्यंत सरळ गेला. दुसऱ्या दिवशी नातू शाळेतून आला तो मूठ उघडून दाखवीत, आणि मराठीत म्हणाला, "सबा, पीस."