नियम बदलले, म्हणून आपण हरलो?

ऑलिंपिक आलं की चार वर्षांतून एकदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हॉकी उगवते. एरवी क्रिकेटशिवाय काही न बघणारी मंडळी मॅच लावून बसतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पी.सी. मिळाला म्हणजे नक्की काय मिळालं? ते पाच जण तोंडाला मुखवटे लावून गोलमध्ये का उभे राहिलेत? आता शिट्टी कशाची वाजली? कुणीतरी जमेल तसं समजावतं. आणि मॅच हातातून जायला लागली की एखादे काका ठरलेलं वाक्य टाकतात: "आपली हॉकी गोऱ्यांनी नियम बदलून बदलून संपवली."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते इतकं ठाम असतं की त्याला कुणी 'कसं काय?' असं विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटलं, म्हणून हॉकीच्या नियमांचा इतिहास वाचायला घेतला. नियम बदलले हे अगदी खरं आहे, आणि भरपूर बदलले. पण ते का बदलले याचं उत्तर मला पायाखालच्या जमिनीत सापडलं. हॉकीत आधी मैदान बदलतं आणि मग त्याच्यामागून नियम.

हे अगदी सुरुवातीपासून आहे. लंडनजवळ ब्लॅकहीथ नावाचा एक उघडा माळ आहे. एकोणिसाव्या शतकात तिथला क्लब हॉकी खेळायचा ती रबराच्या ठोकळ्याने. बॉल नव्हे, ठोकळा! खडबडीत माळावर तो घरंगळत नाही, उसळतो, अडकतो, आणि त्याच्याभोवती सगळ्यांची झुंबड उडते. पलीकडे टेडिंग्टनच्या क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींना १८७०च्या दशकात हिवाळ्यासाठी एक खेळ हवा होता. त्यांच्याकडे क्रिकेटचं सपाट, कापलेल्या गवताचं मैदान होतं आणि हाताशी क्रिकेटचा बॉल. सपाट मैदानावर तो कडक बॉल सुसाट जातो. मग कुठूनही दणका हाणला तर खेळ धोक्याचाही होतो आणि कंटाळवाणाही. म्हणून त्यांनी दोन बंधनं घातली: स्टिक खांद्याच्या वर न्यायची नाही, आणि गोलसमोर आखलेल्या कमानीच्या आतून मारलेला फटकाच गोल धरायचा. ती कमान म्हणजे आजची 'डी'. १८८६मध्ये लंडनमध्ये हॉकी असोसिएशन उभी राहिली तेव्हा टेडिंग्टनची पद्धत टिकली, ठोकळा गेला.

त्या इंग्लिश मैदानाचं माप आजही हॉकीच्या अंगावर आहे. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. डीची त्रिज्या १४.६३ मीटर. मैदान ९१.४० बाय ५५ मीटर. इतके विचित्र आकडे कुणी मुद्दाम ठरवेल का? हे सगळे यार्ड आणि फूट आहेत: ४ यार्ड, ७ फूट, १६ यार्ड, १०० बाय ६० यार्ड. कागदावर मेट्रिक पद्धत आली, तोंडातून यार्ड गेले नाहीत. गोलरेषेपासून २२.९० मीटरवरच्या रेषेला जुने खेळाडू अजून 'ट्वेंटी-फाइव्ह'च म्हणतात.

हा खेळ ब्रिटिश फौजेबरोबर भारतात आला. कलकत्त्यात बायटन कप १८९५मध्ये सुरू झाला, मुंबईत आगा खान कप १८९६मध्ये. छावण्यांच्या, रेल्वेच्या आणि मिशनच्या शाळांच्या मैदानांवर मऊ, ओलसर इंग्लिश गवत नव्हतं. उन्हाने टणक झालेली जमीन होती. तिच्यावर बॉल भरभर पळतो, पण मधेच एखाद्या खड्याला लागून उडतो. लांबचा पास अडवायला गेलात तर तो नेमका कुठे येईल याचा भरवसा नाही. मग शहाणा खेळाडू काय करेल? बॉल स्टिकजवळ ठेवेल. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मनगट फिरवत.

इथे स्टिकबद्दलचा एक नियम माहीत हवा. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि बॉलला फक्त तीच लावता येते. गोल पाठ लागली की फाउल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमात बसतच नाही. म्हणजे बॉल डावीकडून उजवीकडे परत आणायचा तर दर वेळी स्टिक उलटी फिरवावी लागते. इंग्लंडमधल्या लांबड्या नाकाच्या स्टिकने हे अवघड जायचं. आपल्या उपखंडातल्या कारागिरांनी तुतीचं लाकूड वाकवून आखूड डोक्याची स्टिक केली आणि ती पुढे जगभर गेली. त्या मनगटी खेळाला जगातले कोच आजही 'इंडियन ड्रिबल' म्हणतात. नेदरलँड्समधली मुलंसुद्धा हाच शब्द शिकतात. हॉकीच्या शब्दकोशात आपण घातलेला हा बहुधा सगळ्यात मोठा शब्द.

नियमांच्या पुस्तकात मात्र आपला हात नव्हता. १९००मध्ये नियम ठरवणारं आंतरराष्ट्रीय मंडळ झालं ते इंग्लंड, आयर्लंड आणि वेल्सच्या संघटनांचं. आपली भारतीय हॉकी फेडरेशन १९२५मध्ये ग्वाल्हेरला स्थापन झाली आणि तीन वर्षांनी ॲमस्टरडॅमला ध्यानचंदच्या संघाने सोनं जिंकलं. तिथून १९७२च्या म्युनिकपर्यंत सलग दहा ऑलिंपिकमध्ये आपल्याला पदक मिळालं, त्यातली सात सोन्याची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या नियमांनी आपण पन्नास वर्षं राज्य केलं. काकांच्या वाक्यात ही अर्धी गोष्ट कधीच नसते.

आता बदलांकडे येऊ. काही शब्द नुसतेच म्हातारे होऊन गेले. 'बुली' हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा. मॅच सुरू करताना दोघं समोरासमोर उभे राहायचे, स्टिक जमिनीवर टेकवायची, मग एकमेकांच्या स्टिकवर, असं तीनदा, आणि मग बॉलवर झडप. १९८१पासून मॅचची सुरुवात साध्या पासने होते. बुली अजून पुस्तकात आहे, पण फक्त खेळ मधेच थांबला आणि चूक कुणाचीच नसली तर, आणि तीही एकाच टाळीची. रेषेबाहेर गेलेला बॉल हाताने घरंगळवत आत टाकायचा 'रोल-इन'ही असाच गेला. यांच्यासाठी कुणी रडलं नाही.

ऑफसाइडचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. जुन्या नियमाप्रमाणे पुढे उभ्या असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन जण असावे लागत. म्हणजे पुढे पळून लांबच्या पासची वाट बघत बसायची सोय नाही. बॉल जवळजवळच्या पासांनी आणि ड्रिबलने पुढे न्यायचा. आपला जुना देखणा खेळ, पाच फॉरवर्ड एका रांगेत आणि बॉल त्यांच्यात विणला जातोय, तो काही अंशी या नियमाचंही लेकरू होता. १९७२मध्ये तीनाचे दोन झाले, पुढे ऑफसाइड फक्त ट्वेंटी-फाइव्हच्या आत उरलं, आणि १९९६मध्ये प्रयोग म्हणून जे काढलं ते १९९८मध्ये कायमचं गेलं. याने आपलं नुकसान झालं का? माझं मत विचाराल तर नाही. मोकळी जागा सगळ्यांनाच मिळाली, आणि बॉल घेऊन वाऱ्यासारखं पळणाऱ्याला जास्त मिळाली. असा एक माणूस तेव्हा आपल्याकडे होता. त्याच्याकडे येतोच.

खरा घाव १९७६चा. मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ हरवून आपण वर्ल्ड कप जिंकला होता. मॉन्ट्रियलमध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्याला ६-१ धुतलं आणि आपण सातवे आलो. गालिच्यावर बॉल उडत नाही. सरळ येतो, जोरात येतो, आणि एका टच्यात थांबतो. खड्याखोड्यांच्या जमिनीवर बॉल सांभाळायला जे मनगट लागायचं त्याची निम्मी किंमत एका उन्हाळ्यात गेली. त्याजागी दम, वेग आणि चाळीस यार्डांचा पास आला. युरोपातल्या क्लबांनी हे गालिचे पटापट अंथरले. आपली पोरं मातीवर शिकत राहिली आणि मोठ्या स्पर्धेत अचानक वेगळाच खेळ खेळायला गेली. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. पण मैदान घालणं कुणाला परवडतं हा प्रश्न कटापेक्षा कमी क्रूर नसतो.

तरीही 'टर्फने हरवलं' म्हणून पुस्तक मिटणं सोपं आहे. त्याच मॉन्ट्रियलमध्ये, त्याच गालिच्यावर, पाकिस्तानने ब्राँझ जिंकलं. तेही आपल्यासारखेच मातीतून आलेले आणि तेच ड्रिबल खेळणारे. १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी सोनं जिंकलं, १९९४मध्ये सिडनीला वर्ल्ड कप, दोन्ही टर्फवर. आपणही १९८०ला मॉस्कोत टर्फवरच सोनं जिंकलं, अर्थात बहिष्कारामुळे बरेच बलाढ्य संघ आलेच नव्हते. आणि उलट बाजूने बघा: १९८२चा वर्ल्ड कप मुंबईत चर्चगेटजवळच्या स्टेडियमवर झाला, घरच्या प्रेक्षकांसमोर, गवतावर. आपण पाचवे आलो. चार वर्षांनी लंडनच्या वर्ल्ड कपमध्ये बारा संघांत बारावे. २००८ला तर बीजिंगसाठी पात्रच ठरलो नाही, १९२८नंतर पहिल्यांदा. एवढ्या घसरणीचा सगळा दोष गालिच्यावर टाकणं म्हणजे घरातली गळती पावसाच्या नावावर खपवणं.

आता पेनल्टी कॉर्नर, कारण खरी भांडणं त्याच्यावरूनच होतात. डीमध्ये बचाव करणाऱ्याने फाउल केला, किंवा ट्वेंटी-फाइव्हच्या आत मुद्दाम केला, की हल्ला करणाऱ्यांना पी.सी. मिळतो. गोलपोस्टपासून दहा मीटरवर, गोलरेषेवर बॉल ठेवतात. एक जण तो डीच्या बाहेर ढकलतो, दुसरा थांबवतो, तिसरा मारतो. गोलरेषेमागे गोलकीपर धरून पाचच जण, बाकीचे सहा पार मधल्या रेषेपलीकडे. बॉल आधी डीबाहेर गेलाच पाहिजे, नाहीतर गोल धरत नाहीत.

गवतावर बॉल थांबवणाऱ्याला हात लावायची मुभा होती. खड्याने उडालेला बॉल स्टिकने कसा थांबवणार? टर्फ आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती मुभा काढून घेतली गेली. मैदान बदललं, मागून नियम आला.

पण गंमत पुढे आहे. नियम म्हणतो, कॉर्नरवरचा पहिला फटका जर 'हिट' असेल तर तो गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. गोलच्या तळाशी फळी असते ना, तिची उंची तेवढीच. ज्यावर बॉल आपटल्यावर खाडकन आवाज येतो, ती. हा नियम बचाव करणाऱ्यांचे दात शाबूत राहावेत म्हणून आहे. मात्र 'फ्लिक' किंवा 'पुश' केला तर ही उंचीची अट नाही. हिट म्हणजे स्टिक मागे नेऊन हाणणं. फ्लिक म्हणजे स्टिक बॉलला चिकटवून ओढत नेणं आणि शेवटी उचलून फेकणं. या दोन क्रियापदांच्या फटीतून ड्रॅग फ्लिक जन्माला आला. खाली वाकायचं, बॉल स्टिकच्या वळणात घ्यायचा, लांब ढांग टाकून तो गोफणीतल्या दगडासारखा सोडायचा. नियमाने हिटला जी उंची नाकारली ती फ्लिकने मिळवली. मग स्टिका जास्तच वाकड्या व्हायला लागल्या, तेव्हा स्टिकचा बाक २५ मिलिमीटरच्या पुढे नको असा आणखी एक नियम आला.

हे युरोपचं हत्यार आहे असं आपण म्हणत राहिलो. पण त्याचा सगळ्यात भेदक वापर करणाऱ्यांत पाकिस्तानचा सोहेल अब्बास होता. आणि टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ला ब्राँझसाठी जर्मनीशी खेळताना शेवटचे सात सेकंदसुद्धा उरले नसताना पी.सी. जर्मनीला मिळाला, तेव्हा श्रीजेशने तो अडवला आणि आपण ५-४ने जिंकलो. ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक. पॅरिसमध्ये स्पेनविरुद्ध २-१ असं ब्राँझ आलं त्यातले दोन्ही गोल हरमनप्रीत सिंगचे, दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर.

मघाशी ज्या माणसाचा उल्लेख केला तो धनराज पिल्ले. पुण्याजवळ खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. मोडलेल्या स्टिका बांधून-जोडून तो खेळायला शिकला, तेही मातीत. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप. ऑफसाइड गेलं त्या वर्षांत तो ऐन भरात होता आणि १९९८ला बँकॉकच्या एशियाडचं सोनं त्याच्या कप्तानीत आलं. टर्फचा माणूस नसलेल्याने टर्फ कसं शिकायचं याचं उत्तर त्याने पायांनी दिलं. पण एक धनराज म्हणजे व्यवस्था नव्हे. त्याच्यासारखी किती पोरं पहिला गालिचा दिसण्याआधीच गळली असतील, ती कुठल्याच यादीत नाहीत.

२००९मध्ये आणखी एक बारीक नियम आला. फ्री हिट मिळाली की आता ती दुसऱ्याला द्यायची सक्ती नाही, स्वतःच बॉल हलवून पळत सुटता येतं. त्याला 'सेल्फ-पास' म्हणतात. म्हणजे ड्रिबल करणाऱ्याला पुस्तकानेच पुन्हा दार उघडून दिलं. त्याबद्दल आपल्याकडे कुणी 'नियम आमच्यासाठी बदलला' असं म्हणताना मी ऐकलेलं नाही.

सध्या मोठ्या मॅचचं टर्फ खेळाआधी पाणी मारून भिजवतात. ओल्या टर्फवर बॉल घसरत पळतो, आजचा सगळा वेग त्या पाण्याचा आहे. पाण्याची उधळपट्टी नको म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना आता कमी पाण्याच्या आणि पुढे बिनपाण्याच्या टर्फकडे जायचं म्हणते आहे. कोरड्या टर्फवर बॉल वेगळा पळेल, स्टिक वेगळी अडेल, ड्रॅग फ्लिकची ओढही वेगळी लागेल. पुन्हा एकदा जमीन बदलते आहे. मागून कुठले नियम येतात ते बघायचं.