याझू : ओळख होण्याआधीच यश

ब्रिटनमधल्या याझू या पॉप जोडीचा संसार जेमतेम दीड वर्षाचा. मार्च १९८२मध्ये ‘ओन्ली यू’ हे गाणं आलं आणि तिथल्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. जुलै १९८३मध्ये बाजारात आलेला ‘यू अँड मी बोथ’ हा दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, तोवर जोडी फुटलेली होती. दोष सहसा स्वभावांना दिला जातो: व्हिन्स क्लार्क अबोल, ॲलिसन मॉये मनस्वी. ते खरंही आहे. पण एकमेकांशी न पटणारी माणसं वर्षानुवर्षं भांडत एकाच बँडमध्ये राहिल्याची उदाहरणं काय कमी आहेत? याझूला नडली ती घाई, आणि घाई करणं परवडलं ते सिंथेसायझरमुळे.

दोघंही एसेक्समधल्या बॅसिल्डनचे. क्लार्क १९८१च्या अखेरीस डेपेश मोड या बँडमधून बाहेर पडला होता. मॉयेला ब्लूजसाठी साथीदार हवे होते, म्हणून तिने ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जाहिरात दिली. क्लार्कने फोन केला तो एका गाण्याचा नमुना गाऊन घेण्यापुरता. एरवी ढोलकिया, बेसवाला शोधायचा, पबमध्ये रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवायचं, या रखडपट्टीत माणसं एकमेकांना ओळखू लागतात. इथे ती सगळी कामं क्लार्कची यंत्रं करत होती. रखडायचं कशासाठी? एरिक रॅडक्लिफच्या ब्लॅकविंग स्टुडिओत, एका जुन्या चर्चमध्ये, पहिला अल्बम झाला आणि ऑगस्ट १९८२मध्ये बाजारात आलादेखील. त्यातली बहुतेक गाणी एक तर त्याची, नाही तर तिची. ‘सिच्युएशन’सारखं दोघांच्या नावावरचं गाणं विरळाच. दुसऱ्या अल्बमच्या वेळी तर दोघं स्टुडिओत क्वचितच एकत्र असत. त्याने वाद्यांचं काम उरकायचं, तिने नंतर येऊन गायचं. यंत्रांमुळे हेही विनासायास जमत होतं, ही त्यातली खरी गोम.

यावर कोणी म्हणेल, तीच यंत्रं घेऊन पेट शॉप बॉइज टिकले; खुद्द क्लार्कची अँडी बेलबरोबरची इरेजर ही जोडीही टिकली, आणि बेलही जाहिरातीतूनच आलेला. आक्षेप वजनदार आहे, पण तारखा पाहा. पेट शॉप बॉइजमधले दोघं १९८१मध्ये भेटले आणि पहिल्या क्रमांकावर पोचायला १९८६ उजाडलं. इरेजरची सुरुवातीची गाणी ब्रिटनमध्ये आपटली. छोट्या क्लबांतून फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. यंत्रांनी वाचवलेला वेळ या दोन्ही जोड्यांना अपयशाने परत दिला. याझूला अपयश असं भेटलंच नाही. एकाच गावचे म्हणून तोंडओळख होती, पण सोबत काम करून होणारी ओळख निराळी.

व्यवहारात मात्र फुटीने कुणाचं फारसं बिघडलं नाही. १९८४मध्ये आलेला मॉयेचा ‘आल्फ’ हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, क्लार्कचं तर नंतर उत्तमच चाललं. राहिला तो दुसऱ्या अल्बमचा दौरा. त्या अल्बममधली बहुतेक गाणी दोघांनी श्रोत्यांसमोर एकत्र सादर केली ती थेट २००८मध्ये.