उन्हाचा हिस्सा

पाय धनुकलीसारखे वाकलेले, मनगटे जाड झालेली, कपाळ पुढे आलेले. लहान मुलांच्या या आजाराला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. हाडांत चुना नीट बसत नाही, वाढती हाडे मऊ राहतात आणि अंगाच्या भाराने वाकतात. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस. पण या आजाराच्या इतिहासात आपल्या नाशिकचेही एक पान आहे, म्हणून तो सांगावासा वाटतो.

फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज डॉक्टरने १६५० मध्ये मुडदुसावर ग्रंथ लिहिला. पुढे कारखान्यांची शहरे वाढली, धुराने आकाश झाकले आणि वाकड्या पायांची मुले गल्लोगल्ली दिसू लागली. जपानमध्ये काम केलेले मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये लिहिले, की उणीव सूर्यप्रकाशाची आहे. तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोगांतून कॉड माशाच्या तेलाचा गुण दाखवला. त्याच वर्षी बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या अतिनील किरणांनी मुले बरी केली. मग खरे औषध कोणते, अन्न की ऊन?

हा वाद चालू असतानाच, १९२२ मध्ये, हचिसन आणि शहा यांचा नाशिकमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. मिळेल ते खाऊन उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या घरी मुडदूस क्वचितच होता. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या हिंदू आणि मुसलमान घरांत मात्र तो होता.

मी मुसलमान घरातला. पडदा म्हणजे अब्रू, हे ऐकतच वाढलो. त्या अब्रूची किंमत तान्ह्या हाडांनी मोजली, हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो. आज कारण ठाऊक आहे. उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्यामुळे अन्नातला चुना अंगी लागतो. आईच्याच अंगात ते कमी असेल, तर बाळाच्या वाट्याला कुठून येणार?

प्रत्येक वाकडा पाय मुडदुसाचा नसतो. काही आजार आनुवंशिक असतात, कधी आहारातच चुना कमी पडतो. म्हणून डॉक्टरांना दाखवावेच. पण मुलाला अंगणात आणा म्हणताना नाशिकची ती घरे आठवावीत. आधी त्याच्या आईला अंगणात येऊ द्यावे.